गोठ्यातलं कॉस्टिंग

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, की आमच्या गल्लीतल्या मोटारसायकलींचे सायलेन्सर निघतात. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. कोल्हापुरात गंगावेशीच्या मागची आमची गल्ली गवळ्यांची. इथं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. गवळी गाडीवर बसून पुढं सुटतो आणि त्याची म्हैस, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंगावरचे केस भादरून नक्षी काढलेली, त्या गाडीच्या आवाजामागं धावत येते. दोर नाही, काठी नाही, नुसता आवाज. ज्याची म्हैस अशी आली त्याची कॉलर वर्षभर ताठ. आणि तिला आवाजाची सवय व्हावी म्हणून दसऱ्यापासून सराव सुरू होतो, तोही पहाटे, रस्ते मोकळे असतात तेव्हा.

काल पहाटे या वर्षाची पहिली गाडी फटाफट वाजली. मी ताडकन उठून बसले. पाय जमिनीवर, हात दाराच्या खिळ्यावरच्या शालीकडं, तोंडात 'स्थिर खर्च म्हणजे उत्पादन कमी झालं तरी जो बदलत नाही तो...' आणि मग आठवलं. अगं बाई, पास झालीस की तू!

मग पुन्हा आडवी झाले आणि पांघरूण नाकापर्यंत ओढलं. बाहेर गाडी भणाणत होती, कुत्री भुंकत होती, शेजारी नवरा घोरत होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! लॉटरी लागलेल्या माणसाला वाटत असेल तसं नाही. दिवसभर पायात चावणारी चप्पल घरी येऊन काढल्यावर वाटतं, तसं. मी मुद्दाम डोळे उघडे ठेवून पडून राहिले, कारण झोपले असते तर ते सुख कळलंच नसतं.

गेल्या वर्षापर्यंत ही पहाट माझी वैरीण होती. मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. कामगार खिडकीशी रांग लावतात आणि मी त्यांना हातमोजे, बूट, ग्राइंडिंगची चाकं काढून देते. दिवस असा उभ्यानं जातो. संध्याकाळी घरी आलं की भाकरी, भांडी, लेकीचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या. मग अंथरुणाला पाठ टेकायची. लग्न झालं तेव्हा माझं बी.कॉम. अर्ध्यात सुटलं होतं. 'नंतर कर की,' असं सगळेच म्हणाले होते. ते नंतर यायला लेक शाळेत जाईपर्यंत थांबावं लागलं. मग बाहेरून फॉर्म भरला, एकेक विषय सोडवत आले आणि शेवटी एकाच विषयाशी येऊन अडकले. कॉस्टिंग! दिवसभर मी खरा माल हातानं मोजून देते, एक हातमोजा इकडचा तिकडं होत नाही, पण पेपरातला कागदावरचा माल माझ्याकडून कधी जुळला नाही. प्रत्येक वेळी नापास. त्यातून विद्यापीठाची मुदत संपत आलेली. गेल्या दिवाळीच्या तोंडावरचा पेपर हा शेवटचा. तो गेला तर मागचं सगळं रद्द, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. आणि ती मी केली नसती, हे मला चांगलं ठाऊक होतं. तेवढं बळ उरलं नव्हतं. म्हणजे तो पेपर गेला असता तर पदवीचा विषयच आयुष्यातून उठला असता.

म्हणून पहाटे उठायचं. पण उठून बसायचं कुठं? आमचं घर दीड खोलीचं. लाइट लावला की सगळ्यांच्या डोळ्यांवर. सासूबाई बिचाऱ्या म्हणायच्या, 'लाव गं तू, मी तोंडावर पदर घेतो.' आणि मग पदराखालून असे काही उसासे टाकायच्या की माझं निम्मं लक्ष ते मोजण्यात जायचं. मनातल्या मनात वाचलं की मला झोप यायची आणि मोठ्यानं वाचलं की लेक उठायची. एकदा मी मोरीत पाट टाकून बसले होते. नवऱ्याला पहिल्या पाळीला जायचं होतं. तो अर्धवट झोपेत टॉवेल घेऊन आत आला आणि मला बघून असा किंचाळला, की शेजारच्या गोठ्यातून दगडूमामा दुधाची बादली घेऊन धावत आले.

दगडूमामा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेले गवळी. वय साठीच्या पुढं, पण आवाज असा की गंगावेशीत हाक मारली तर रंकाळ्यावर ऐकू जावी. सगळा प्रकार कळल्यावर ते म्हणाले, 'आता मोरीत बसून कुटं शिक्षान हुतंय व्हय? आमच्या गोठ्यात बल्ब असतोय की पहाटंपास्नं! ये आन् बस तितं. म्हशी काय तुला घालवून देत न्हाईत.'

दुसऱ्या दिवशी मी गेले. मामांची बायको, जिला अख्खी गल्ली आक्का म्हणते, तिनं पेंडीचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर पोतं टाकलं. 'बस. खाली शेण हाय, साडी वर धर,' एवढंच म्हणाली आणि धार काढायला बसली. तिथून पुढं तोच माझा वर्ग.

आजही डोळे मिटले की तो गोठा नाकात येतो. भिजवलेल्या सरकी पेंडीचा आंबूस वास, ओल्या वैरणीचा वास, त्यात शेणाचा. पहिल्या दिवशी पदर नाकाला लावला होता, आठवड्यात विसरून गेले. म्हशींच्या अंगाची ऊब अशी की थंडीतही शाल खांद्यावरून उतरायची. बादलीत पडणारी धार आधी पत्र्यावर पडल्यासारखी वाजायची, मग फेस वर आला की आवाज मऊ व्हायचा. आणि बल्बभोवती चिलटं. मी मोठ्यानं वाचायची, कारण आता कुणाची झोप मोडायची भीती नव्हती. अगदी शाळेत कविता म्हणतात तसं, डुलत डुलत. 'ना नफा ना तोटा बिंदू म्हणजे असा बिंदू, की जिथं एकूण विक्री आणि एकूण खर्च समान असतात.'

एक दिवस मामा वैरण टाकता टाकता थांबले. 'काय म्हनलीस? ना नफा, ना तोटा?'

'हो मामा.'

'मग धंदा कशाला करायचा त्यो?'

'करायचा नसतो मामा. नुसता काढायचा असतो.'

'काढून काय करायचं?'

'मार्क मिळतात.'

मामांनी आक्काकडं बघितलं, आक्कानं मामांकडं. 'बरं हाय बाबा,' म्हणाले आणि वैरण टाकायला लागले. तेव्हापासून मला बघितलं की गल्लीच्या टोकावरून हाक यायची, 'काय गं ना नफा ना तोटा, झाला का अब्यास?'

माझ्या डब्यासमोर बांधलेली असायची ती मैना. काळीभोर, एक शिंग जरा खाली कललेलं, त्यामुळं सतत मान तिरकी करून ऐकल्यासारखी दिसायची. मी वाचत असले की रवंथ चालू. मी थांबले की तीही थांबायची आणि तोंड वळवून माझ्याकडं बघायची. मग मला उगाच लाजल्यासारखं व्हायचं आणि मी पुढचं पान काढायची. दूध द्यायला ती फार खट्याळ, पाय झाडायची, पान्हा चोरायची. पण आक्का म्हणायची, 'सुरेखा, तू वाचाय लागलीस की मैना पान्हा सोडती बघ. तू रोज येत जा बाई, पास हो न्हाईतर नको हू.' मी हसायची. वाटायचं, माझं मन राखायला म्हणते.

वाचून झालं की मामा त्याच धारेचं दूध पेल्यात घालून समोर धरायचे. कोमट आणि फेसाळ. मला खरं तर ते आवडायचं नाही, ओठावर पांढऱ्या मिशा यायच्या. पण नाही म्हणायची सोय नव्हती. 'डोस्कं चालाय पायजे का नको?' असा प्रश्न वरून यायचा. मी पेला संपवायची, घरी पळायची, डबे भरायची, आणि कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की शिरोलीचा नाका येईपर्यंत मेल्यासारखी झोपायची. शेजारची बाई उठवायची. स्टोअरच्या खिडकीत उभ्या उभ्या डुलकी लागली की कामगार पोरं म्हणायची, 'मॅडम, हातमोजे दोन्ही डाव्या हाताचे दिलाय.' दोन-तीनदा खरंच दिले होते.

मी आत वाचत असायची तेव्हा, दसऱ्यानंतर, मामा मैनेला सोडून बाहेर न्यायचे. त्यांची एक जुनी टू-स्ट्रोक गाडी होती. सायलेन्सर काढलेला, आरसा कधीच पडलेला. तिला किक मारली की गोठ्याचा पत्रा थरथरायचा. मला त्या आवाजाचा असा राग यायचा! नेमकं सूत्र पाठ होत आलेलं असायचं आणि बाहेर फटफटफट. थोड्या वेळानं मामा मैनेला घेऊन परत यायचे आणि गप्प बसून बिडी ओढायचे. एरवी इतका बोलणारा माणूस त्या वेळी का गप्प असतो, हे मी कधी विचारलं नाही. माझं मलाच पुरून उरलं होतं. मी सरावाला बाहेर जाऊन कधी बघितलंही नाही. सगळ्या गल्लीच्या म्हशी गाडीमागं पळतात, तशी मैनाही पळत असणार, असं धरून चालले होते.

आणि मग पेपरचा दिवस आला. सकाळचा पेपर, राजारामपुरीतल्या एका कॉलेजात. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. मी देवाला दिवा लावला, सासूबाईंच्या पाया पडले, स्कूटी काढली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नुसतं टिक टिक. बॅटरी बसलेली! वर्षभर जिनं कधी त्रास दिला नाही, तिनं त्या दिवशी दगा द्यावा? मी रस्त्यात उभी राहून रडायलाच लागले. मामा दुधाच्या किटल्या सायकलला लावून निघाले होते. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात कोंबली.

'माझी गाडी घिऊन जा. गेर टाकाय येतंय न्हवं?'

येत होतं. माझं माहेर कागलजवळ, भावाच्या गाडीवरून उसातल्या पाणंदी फिरलेली मी. पण सायलेन्सर?

'आवाजाचं काय मामा?'

'आवाज झाला तर लोकं बाजूला हुतील. पळ!'

मामा घरोघरी रतीब घालायला गेले. आक्का म्हशी नदीवर धुवायला न्यायच्या म्हणून सोडून आत खराटा आणायला गेली होती. मी पदर खोचला, किक मारली आणि सुटले. आवाज असा की मला माझाच विचार ऐकू येईना. सूत्रं उडून जातील या भीतीनं मी बेंबीच्या देठापासून ओरडत म्हणायला लागले, 'ना नफा ना तोटा बिंदू म्हणजेऽऽ असा बिंदूऽऽ...'

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावरची माणसं उभी राहून हात वर करायला लागली. 'नाद खुळा वहिनी! जगात भारी!' मला वाटलं, बाई टू-स्ट्रोक चालवते म्हणून कौतुक. मला जरा बरंही वाटलं. पापाच्या तिकटीच्या चौकात एक म्हातारा मात्र पुढं येऊन ओरडला, 'अगं बाई, मागं बघ की!'

मी मागं बघितलं. मैना! दावं फरफटत, शेपूट वर, तिरकी मान पुढं काढून रस्त्याच्या मधोमध माझ्या मागं पळत येत होती.

आधी वाटलं, वेग वाढवावा म्हणजे मागं पडेल. वाढवला, तशी तीही जोरात. थांबले, तर येऊन माझ्या पाठीला ओलं नाक लावून उभी राहिली आणि खांद्यावरची पिशवी चाटायला लागली. पिशवीत हॉल तिकीट. गाडी वळवून घरी जावं तर पेपर गेला, म्हणजे सगळंच गेलं. तिला तिथंच सोडून जावं तर समोरून एसटी येत होती, आणि ही म्हैस म्हणजे मामा-आक्काचा जीव. आक्कानं पालथा घातलेला तो डबा डोळ्यांसमोर आला. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ओळखीचं कुणी नाही. फोन लावला तर मामांचा उचलेना. मग माझं डोकं अचानक शांत झालं. म्हटलं, चल बाई. एवढ्या पहाटा माझ्याबरोबर अभ्यास केलास, आता परीक्षेलाही चल.

आणि आम्ही निघालो. मी पहिल्या गेरमध्ये, ती मागं. बिंदू चौकात पोलिसानं शिट्टी मारून चारी बाजूंची वाहतूक थांबवली आणि मैनेला पुढं जायचा हात केला, मला नाही. परीख पुलाखाली ती जरा बुजली, खांब हुंगत उभी राहिली. मी पुन्हा बिंदू, विक्री, खर्च असं ओरडायला लागले, तेव्हा आली. शाळेला निघालेली मुलं रिक्षातून हात हलवत होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. दोन्ही एकदम.

कॉलेजच्या गेटवर मलकापूरकडचा एक म्हातारा वॉचमन होता. त्यानं हात आडवा केला.

'ताई, हॉल तिकीट?'

मी लाळेनं ओलं झालेलं तिकीट दाखवलं.

'आन् ह्या बाईंचं?'

मी काही बोलायच्या आतच तो मैनेकडं वळला. तिच्या कपाळावरून हात फिरवला, कास बघितली, मान डोलवली. 'काय म्हस हाय वो! कुणाची?' मग त्यानंच दावं उचलून कडुलिंबाला बांधलं, माझ्याकडून मामांचा नंबर घेतला आणि म्हणाला, 'जावा तुमी, घंटा व्हईल. मी हाय न्हवं हितं!'

कोल्हापुरात म्हशीची ओळख पटली की माणसाची आपोआप पटते. मी जिने चढत धावले.

पेपर हातात आला. साडीला शेण, केसांत वैरणीची काडी. दुसऱ्या नंबरलाच प्रश्न, ना नफा ना तोटा बिंदू काढा. मी पेन टेकवलं तेवढ्यात खालून मैना हंबरली. अशी लांबलचक, की वर्गातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. पर्यवेक्षक सर चिडून खिडकीशी गेले. 'कुणाची म्हैस आहे ही?'

मी हात वर केला. सगळा वर्ग माझ्याकडं वळला. सर माझ्याकडं बघत राहिले, माझ्या साडीकडं, माझ्या केसांकडं. मग त्यांनी खिडकी लावून घ्यायला हात पुढं केला.

'राहू द्या सर,' मी म्हटलं. 'सवय आहे.'

त्यांनी खिडकी उघडीच ठेवली. मी लिहायला लागले. आणि त्या दिवशी जुळलं. एकेक आकडा आपल्या जागी जाऊन बसत होता. मधेच खालून घुंगराचा एखादा आवाज यायचा, आणि मला वाटायचं मी पेंडीच्या डब्यावरच बसले आहे, समोर बल्ब आहे, अजून उजाडायचं आहे आणि घाई कसलीच नाही.

खाली आले तेव्हा मामा कडुलिंबाखाली बसले होते. रिक्षानं आले होते, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी हात जोडले. म्हटलं, 'मामा, माझी चूक झाली. तुमच्या गाडीचा आवाज ऐकून आली हो ती मागं. सवयच लावलीय ना तुम्ही तिला.'

मामांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, 'पोरी, ती गाडीमागं येत न्हाई.'

'म्हणजे?'

'कदीच आली न्हाई. तीन दिवाळ्या झाल्या. रोज पहाटं घिऊन जातो, किक मारतो, हाळी देतो. ही जाग्यावर हुबी. तोंड वळवून गोठ्याकडं बघती. म्हनून तर अंधारात नेतो, गल्लीला दिसाय नगो. पाडव्याला सांगतो, पाय दुखावलाय तिचा.' मग म्हणाले, 'तुझं कॉस्टिंग आन् माझी मैना. दोगं बी नापास.'

मामा उठले, मैनेच्या पाठीवर थाप मारली. 'ही गाडीमागं न्हाई आली. ही तुज्यामागं आली. वरडत हुतीस न्हवं तू?'

मग मला आक्काचं ते पान्हा सोडण्याचं बोलणं आठवलं. मी मैनेच्या गळ्यात पडून मनसोक्त रडले. त्या वॉचमननं आमच्यासाठी चहा सांगितला. परत जाताना मामा गाडी बंद ठेवून ढकलत होते, मी पायी पुढं, आणि मैना माझ्या मागं, दावं मोकळं. पार राजारामपुरीपासून गंगावेशीपर्यंत मी काही ना काही बोलत राहिले. कॉस्टिंग संपल्यावर बाजाराची यादी म्हणाले.

निकालाच्या दिवशी मी स्टोअरमध्ये होते. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, तूच बघ, मी बघणार नाही. त्याचा फोन आला. 'बघू का?' म्हणाला. मी म्हटलं, 'बघ.' तो बघेपर्यंत मी ग्राइंडिंगच्या चाकांच्या खोक्यावर बसले. 'झालीस गं,' तो म्हणाला, आणि त्यालाच रडू फुटलं. त्या दिवशी खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला मी पेढ्याऐवजी नवे कोरे हातमोजे दिले, जुने परत न मागता.

तेव्हापासून पहाट माझी आहे. मी झोपते. पावसाळ्यात पत्र्यावर सरी वाजताना झोपले, थंडीत झोपले. कधी जाग आलीच तर कूस बदलते आणि कुणीतरी आपल्यासाठी काम करून ठेवलंय असं समाधान वाटतं. ते कुणीतरी मीच होते, याचं नवल मला अजून सरलेलं नाही.

तर काल पहाटे मी अशी पडून होते, बाहेर गाडी भणाणत होती. मग ती बंद झाली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मग आमच्या दाराची कडी हळूच वाजली.

दारात दगडूमामा. डोक्याला मफलर, हात मागं बांधलेले, आणि त्या एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज सासूबाईंनाही ऐकू जाणार नाही इतका बारीक.

'झोपलीतीस व्हय?'

'नाही मामा.'

'तुजं तर झालं सगळं. आता तुला काय गरज न्हाई. पन औंदा पाडव्याला...' ते पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यावरची माती उकरत राहिले.

मी दाराच्या खिळ्यावरची शाल ओढली.

गल्लीत अजून अंधार होता. मैना गोठ्यासमोर उभी होती, मान तिरकी. मामांनी गाडीला किक मारली, मी मागं उलटी बसले, पाठीला पाठ लावून, मैनेकडं तोंड करून. गाडी हलली. मैना हलली नाही. मामांची पाठ एकदम ताठ झाली, मला कळलं ते.

मी घसा साफ केला आणि म्हणाले, जोरात, डुलत डुलत, गल्लीत कुणी जागं झालं तर होऊ दे, 'ना नफा ना तोटा बिंदू म्हणजेऽऽ असा बिंदूऽऽ, की जिथंऽऽ...'

गाडीला आरसा नव्हता. मामांना मागचं काही दिसत नव्हतं आणि वळून बघायची त्यांची छाती होत नव्हती.

'पोरी,' ते समोर बघतच म्हणाले, 'आली का गं?'

मैनेनं शेपूट वर केलं होतं. घुंगरं वाजायला लागली होती, पण त्या गाडीच्या आवाजात ती मामांना ऐकू येणार नव्हती.

'आली मामा,' मी म्हटलं. 'पळत येतेय.'